पुढे वाढवता येईल असा गेमिंग पीसी: पैसे कुठे घालायचे आणि कुठे थांबायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. अकोल्यात राहतोस, ८० हजारात गेमिंग पीसी घ्यायचाय, मॉनिटर घरात आहे, आत्ता व्हॅलोरंट आणि सीएस२ खेळायचंय, दोन-तीन वर्षांनी नोकरी लागली की सायबरपंकसारखे जड गेम खेळता येतील इतका तोच पीसी वाढवायचाय. आणि दुकानदार म्हणतोय "आय सेव्हन, १६ जीबी रॅम, १ टीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड" असा सेट निम्म्या पैशात देतो, तर तो घेऊन बाकीचे पैसे पुढच्या अपग्रेडला ठेवू का?

तो सेट घेऊ नको. नुसतं "आय सेव्हन" म्हणून काहीच कळत नाही, कुठल्या जनरेशनचा ते विचार. या भावात मिळतो तो बहुतेक ३७७० नाहीतर ४७७० असतो, म्हणजे २०१२-१३ चा प्रोसेसर, त्यासोबत नवीन खोक्यातला एच६१ किंवा एच८१ मदरबोर्ड आणि जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम. बोर्ड नवा दिसतो पण त्यावर पुढे चढवायला काही उरलेलंच नाही. शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची एक सोय) लागतं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो. म्हणजे तुझा रोजचा गेमच उद्या अडकू शकतो. "४ जीबी कार्ड" म्हणजे त्या सेटमध्ये सहसा जीटी ७३०, ते २०१४ चं कार्ड आहे, त्याला ४ जीबी मेमरी लावली म्हणून त्याचा वेग वाढत नाही. दोन वर्षांनी यातलं तू एसएसडी सोडून काय पुढे नेणार? रॅम नाही, बोर्ड नाही, प्रोसेसर नाही, एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, तर अजिबातच नाही. पैसे वाचले असं वाटतं पण खरं म्हणजे ते दोनदा जातात.

अपग्रेडचा विचार करताना मी पार्ट्सचे दोन गट करतो आणि गिऱ्हाइकालाही तसंच समजावतो. ग्राफिक कार्ड, रॅम, एसएसडी हे पार्ट पाच-दहा मिनिटांत निघतात आणि दुसरे बसतात. मदरबोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट बदलायचं म्हटलं की सगळा पीसी खोलावा लागतो, वायरी काढाव्या लागतात, आणि बोर्ड बदलला की प्रोसेसर आणि रॅमही सोबत बदलायची वेळ येऊ शकते. म्हणून पहिल्या दिवशी या दुसऱ्या गटात कंजुषी करायची नाही आणि पहिल्या गटात आत्ता गरजेपुरतं घेऊन थांबायचं. दुकानात नेमकं उलटं होतं कारण एसएमपीएस आणि बोर्डने एफपीएस, म्हणजे गेममध्ये सेकंदाला तयार होणारी चित्रं, वाढत नाहीत, जाहिरातीत त्यांचं नावही नसतं, त्यामुळे बजेट बसवायचं असलं की कात्री तिथेच लागते.

आधी बोर्ड, कारण सॉकेटवर, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेवर, सगळं ठरतं. इंटेलचा आजवरचा रिवाज बघितला तर सॉकेट दोन-तीन जनरेशनमध्ये बदलतं. दहावी आणि अकरावी जनरेशन एलजीए १२०० वर, बारावी ते चौदावी एलजीए १७०० वर, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये कोअर अल्ट्रा २०० आले ते एलजीए १८५१ वर. प्रोसेसर बनवणाऱ्या दुसऱ्या कंपनीने, एएमडीने, एएम४ सॉकेट बराच चालवला, २०१७ मध्ये ज्याने पहिल्या रायझन प्रोसेसरसोबत बी३५० बोर्ड घेतला त्याला बायोस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी बसवता आला, बोर्ड तोच, रॅम तीच, आणि गेमिंगमध्ये मोठी उडी. आता एएम५ सॉकेट सप्टेंबर २०२२ ला आला आणि एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्याच्याही पुढे तो चालवायचं जाहीर केलंय. तुझ्यासारख्या टप्प्याटप्प्याने वाढवणाऱ्या माणसाला म्हणून मी एएम५ च सांगतो. इंटेल वाईट आहे असं नाही, बाराव्या जनरेशनचा आय फाइव्ह आजही छान चालतो, पण ते सॉकेट पुढे जात नाही आणि तुला नेमकं पुढेच जायचंय.

एएम५ मध्ये बोर्ड बी६५० किंवा बी८५० घे. ए६२० स्वस्त पडतो आणि साध्या प्रोसेसरला चालतोही, पण त्यातल्या बऱ्याच बोर्डांचे व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग, उघडे आणि कमी ताकदीचे असतात आणि उन्हाळ्यात तेच तापतात. बी८४० नावाचाही एक आहे, आकडा बी६५० पेक्षा मोठा म्हणून चांगला वाटेल पण तो खालच्या दर्जाचा चिपसेट आहे, त्याला फसू नको. बोर्ड बघताना तीन गोष्टी बघ: व्हीआरएमवर हीटसिंक, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा, आहे का, एसएसडी बसवायचे एम.२ चे किमान दोन स्लॉट आहेत का, आणि मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का. हे बटण फार कामाचं असतं, नवीन प्रोसेसर आणला आणि जुन्या बायोसमुळे बोर्ड त्याला ओळखत नसला तर प्रोसेसर न लावताच पेन ड्राइव्हवरून बायोस अपडेट करता येतं, नाहीतर जुना प्रोसेसर विकून बसलेला माणूस मग तो उसना मागत फिरतो.

प्रोसेसर आत्ता रायझन ५ ७६०० किंवा ७५००एफ बस. दोघांनाही ६ कोअर आणि ३२ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी, आहे. ७५००एफ मध्ये आतलं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड वॉरंटीला गेलं की स्क्रीन काळी, म्हणून फरक थोडाच असेल तर ७६०० घ्यावा असं माझं मत. इथे एक सापळा आहे तो नीट समजून घे. दुकानदार म्हणेल ८५००जी किंवा ८६००जी घे, आकडा मोठा आहे, आतलं ग्राफिक्स दणकट आहे, कार्ड नंतर लाव. आता काय होतं, ग्राफिक कार्ड पीसीआयईच्या लेनमधून, म्हणजे बोर्डवरच्या डेटाच्या वाटांमधून, प्रोसेसरशी बोलतं, ७६०० त्याला पूर्ण १६ लेन देतो, ८६००जी देतो ८ आणि ८५००जी फक्त ४, आणि कॅशही निम्मी म्हणजे १६ एमबी. ज्याला पुढे कार्ड लावायचंय त्याने हा रस्ता धरूच नये. कार्ड कधीच लावणार नसशील तर मात्र ८६००जी चांगला आहे, पण तुझी केस ती नाही.

आणि पुढे जेव्हा पैसे येतील तेव्हा याच बोर्डवर ७८००एक्स३डी किंवा ९८००एक्स३डी बसेल. त्यांच्यात कॅशचा एक जास्तीचा थर लावलेला असतो, एकूण ९६ एमबी, आणि गेमचा सारखा लागणारा डेटा रॅमपर्यंत न जाता तिथेच मिळतो म्हणून सीएस२ सारख्या गेममध्ये इतका फरक पडतो.

आता एसएमपीएस. यावर मी जरा लांब बोलणार आहे, कारण रिपेअरला येणाऱ्या पीसींत मला सगळ्यात वाईट वाटतं ते इथे पैसे वाचवल्यामुळे कार्ड गेलेलं बघून. कॅबिनेटसोबत "फ्री" येणारा ५०० वॉटचा एसएमपीएस असतो ना, त्याच्यावर छापलेला आकडा सगळ्या व्होल्टेजची बेरीज असू शकतो, १२ व्होल्टच्या लाइनवर खरे किती वॉट मिळतात ते स्टिकरवर बघायचं कारण प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोघं तिथूनच खातात. मग ८० प्लस ब्राँझ, गोल्ड काय असतं तर ती एफिशियन्सी, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती खरी कामाला लागते आणि किती उष्णता होऊन जाते. त्यावरून दर्जाचा अंदाज येतो पण खात्री नाही, ब्राँझवाले काही फार चांगले आहेत आणि गोल्डवाले काही सुमार आहेत. मी वॉरंटी बघतो. कंपनी ७ किंवा १० वर्षांची वॉरंटी देत असेल तर आत कपॅसिटर बरे घातलेले असतात, २-३ वर्षांची देत असेल तर तिलाही त्यापुढची खात्री नाही.

वॉट किती? तुझा आत्ताचा पीसी पूर्ण जोरात चालला तरी साधारण ३०० वॉटच्या आत राहील, म्हणजे ५५० सुद्धा पुरला असता. पण तुला वाढवायचंय म्हणून ७५० वॉट घे, एटीएक्स ३.१ (एसएमपीएसचं नवं मानक) लिहिलेला. उद्या ३०० वॉटच्या आसपास खाणारं आरएक्स ९०७० एक्सटी किंवा आरटीएक्स ५०७० टीआय लावलंस तर त्या कंपन्यांची शिफारस ७५० वॉटचीच आहे. आजची कार्डं क्षणभरासाठी लिहिलेल्यापेक्षा खूप जास्त वीज ओढतात, एटीएक्स ३ मध्ये असे झटके सोसायची अट घातलेली आहे, जुना सुमार एसएमपीएस त्या झटक्याला बंद पडतो आणि माणूस समजतो कार्ड खराब आहे. अजून एक, हे लक्षातच ठेव: मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणाऱ्या, एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या एसएमपीएसला कधी लावायच्या नाहीत, कनेक्टर बसला तरी नाही. कार्डाकडच्या टोकाची जोडणी ठरलेली असते पण एसएमपीएसकडच्या टोकाची प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठेवते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलातही वेगळी, आणि चुकीची वायर लागली की ज्या पिनला ५ व्होल्ट हवेत तिथे १२ जातात, हार्ड डिस्क, एसएसडी जागेवर जळतात.

याच्याच जोडीला घरची वीज. पीसी आणायच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून पीसीच्या प्लग पॉइंटचं अर्थिंग तपासून घे. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात अशी तक्रार किती घरांतून ऐकतो, लोक म्हणतात पीसी खराब आहे, तर बहुतेक वेळा पीसी ठीक असतो आणि अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आत नॉइज घालवायला छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून बारीक करंट बॉडीवर येतो आणि तो अर्थिंगमधून जमिनीत जायला हवा, वाट नसली की तुझ्या हातातून जातो. यूपीएस घेताना व्हीए आणि वॉट वेगळे असतात हे बघ, बाजारात मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, पीसी आणि मॉनिटर मिळून गेम चालू असताना तो किंचाळत बंद पडेल. १००० व्हीएच्या पुढचा घे आणि जमलं तर प्युअर साइन वेव्हचा. घरातल्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हा पीसी चालवू नको.

रॅमचं सध्या अवघड आहे. एआयच्या डेटा सेंटरसाठी मेमरी इतकी उचलली जातेय की २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव भयंकर चढलेत, आणि एएम५ वर डीडीआर५ च लागते, जुनी डीडीआर४ बसत नाही, खाचच वेगळ्या जागी असते. परवडलं तर १६-१६ च्या दोन स्टिक घे, ६००० स्पीडच्या. नाही परवडलं तर १६ ची एकच घे आणि भाव उतरले की त्याच मॉडेल नंबरची दुसरी लाव, एका स्टिकवर एफपीएस थोडे कमी मिळतील पण रस्ता मोकळा राहतो. ८-८ च्या दोन घेऊ नको, कारण नंतर अजून दोन घालून चार करायला जाशील आणि एएम५ ला चार स्टिक जड जातात. रायझन ७००० ला दोन स्टिकसाठी अधिकृत स्पीड ५२०० आहे आणि चारसाठी ३६००, त्यावरून अंदाज घे. आठच्या डीडीआर५ स्टिकमध्ये चिपही कमी असतात आणि ती तशीही सोळापेक्षा हळू पडते. दोन स्टिक असतील तर प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव, आणि बायोसमध्ये जाऊन एक्सपो, म्हणजे रॅम तिच्या लिहिलेल्या स्पीडवर चालवणारं सेटिंग, चालू कर, नाहीतर ६००० ची रॅम घेऊन ती ४८०० नाहीतर ५२०० वरच चालत बसेल. किती जणांच्या पीसीत हे वर्षानुवर्षं बंदच असतं! आणि पहिल्यांदा चालू करशील तेव्हा स्क्रीन काही मिनिटं काळी राहील, घाबरून बटण दाबू नको, बोर्ड रॅम शिकत असतो.

ग्राफिक कार्डाला पीसीच्या एकूण पैशांपैकी साधारण ४० टक्के जाऊ देत. व्हॅलोरंट-सीएस२ ला काहीही चालेल, पण तुझं पुढचं स्वप्न जड गेमचं आहे म्हणून कार्डाची मेमरी बघ. ८ जीबीवर नवे गेम टेक्स्चर हाय ठेवले की अडखळतात, सरासरी एफपीएस छान दिसतात आणि मधेच झटके बसतात. आरएक्स ९०६० एक्सटी आणि आरटीएक्स ५०६० टीआय ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ अशा दोन्ही मेमरीत त्याच नावाने विकली जातात, त्यामुळे कोटेशनमध्ये १६ जीबी असं लिहून घे. बजेट बसत नसेल तर माझं मत असं की मधलं काहीतरी घेऊन पस्तावण्यापेक्षा आत्ता एखादं साधं सेकंडहँड कार्ड घेऊन दोन वर्षं व्हॅलोरंट खेळ आणि ते पैसे पुढच्या चांगल्या कार्डासाठी ठेव, सॉकेट आणि एसएमपीएस भक्कम असल्यामुळे तुला ती मोकळीक आहे. सेकंडहँड घेताना समोर अर्धा तास स्ट्रेस टेस्ट चालवून बघ, तापमान आणि फॅनचा आवाज बघ, सिरीयल नंबर बिलाशी जुळव.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं. काचेच्या पुढच्या बाजूचं, आत तीन रंगीत पंखे फिरताहेत पण हवा यायला फटच नाही, असलं अकोल्यात घेऊ नकोस, मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना खोलीतच ३८-४० असतात आणि कॅबिनेटच्या आतली हवा खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं पुरतं. आत किती लांबीचं कार्ड आणि किती उंचीचा कूलर बसतो ते मिलिमीटरमध्ये विचार, मोठी कार्डं ३०० मिलिमीटरच्या वर जातात. प्रोसेसरसोबत येणाऱ्या कूलरऐवजी साधा टॉवर कूलर लाव, लिक्विड कूलिंगची या प्रोसेसरला काही गरज नाही. आणि डेझर्ट कूलरच्या थेट झोतात पीसी ठेवायचा नाही, ओल आणि धूळ मिळून बोर्डावर जो थर बसतो तो ब्लोअरने निघत नाही.

एसएसडीवर जास्त डोकं लावू नको, एम.२ मधली एनव्हीएमई, १ टीबी, पीसीआयई ४.० ची चांगल्या नावाची घे, दुसरा स्लॉट रिकामा राहील तो नंतरसाठी. ५.० ची महाग असते, तापते आणि गेमला त्याचा फरक जाणवत नाही.

मॉनिटर घरात आहे म्हणालास, पण तो किती हर्ट्झचा? ६० चा असेल तर व्हॅलोरंटमध्ये २५० एफपीएस आले तरी स्क्रीन सेकंदाला ६० चित्रंच दाखवणार. मग तुझा पहिला अपग्रेड मॉनिटरच असला पाहिजे, १४४ किंवा जास्तीचा. केबल ग्राफिक कार्डात लाव, बोर्डावरच्या पोर्टात नको, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन हर्ट्झ हाताने निवड कारण ते बऱ्याचदा ६० वरच राहतं.

पुढे काय बदलायचं ते अंदाजाने ठरवू नको, मोजून ठरव. गेम चालू असताना आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा वापर बघ. तो ९५ टक्क्यांच्या वर सतत असेल आणि एफपीएस कमी वाटत असतील तर कार्ड कमी पडतंय, सेटिंग उतरव किंवा कार्ड बदल. कार्ड ६०-७० टक्क्यांवरच रेंगाळतंय, एफपीएसची मर्यादा घातलेली नाही आणि तरी हवे तेवढे येत नाहीत, तर प्रोसेसर मागे पडतोय, मग एक्स३डी घ्यायची वेळ. प्रोसेसरचा एकूण आकडा ४० टक्के दिसला म्हणून तो मोकळा आहे असं समजू नको, गेम एक-दोन कोअरवरच अडतो आणि बाकीचे रिकामे बसतात.

शेवटी बिलाचं. जीएसटी बिल घे, त्यावर प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल नाव आणि सिरीयल नंबर लिहून घे, "असेंबल्ड कॉम्प्युटर एक नग" असं एका ओळीचं बिल चालणार नाही, त्यावर सर्व्हिस सेंटर वॉरंटीला उभं करणार नाही. वॉरंटी भारतातली आहे का ते कार्ड आणि प्रोसेसरसाठी खास विचार, बाहेरून आणलेला माल थोडा स्वस्त मिळतो पण बिघडला की इथे कोणी हात लावत नाही. खोकी माळ्यावर ठेव, जुनं कार्ड खोक्यासकट आणि बिलासकट विकलं तर भाव चांगला येतो आणि तेच पैसे पुढच्या कार्डात घालता येतात. दुकानदाराकडून कोटेशन आलं की पैसे द्यायच्या आधी मला दाखव, त्यात एसएमपीएस आणि बोर्डाचं पूर्ण नाव असू देत.